सुजेची गोळी

शाळेची बस चालवणाऱ्या त्या माणसाला पोरं पाठीमागे तोफ म्हणत. तोंडावर म्हटलं असतं तरी त्याला नाकारता आलं नसतं. आडवा येणारा सायकलवाला, दार आपटणारी मुलगी, उशिरा येणारी आई, सगळ्यांवर तो सारख्याच इमानानं डागला जाई. अलीकडे मात्र तोफेचं तोंड घराकडे वळलं होतं. घरात तो आणि आबा, दोघंच. आबा म्हणजे त्याचे वडील, एके काळचे गवंडी. त्यांचे पाय सुजले होते.

नुसती सूज असती तर एक वेळ चाललं असतं. पण आता खाटेवरून उठतानाही आबांना धाप लागे. सकाळची सुजेची गोळी चुकली तर छातीत पाणी होईल, मग इस्पितळाशिवाय गत्यंतर नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. गोळीनं अंगातलं पाणी निघून जातं, हेही सांगितलं होतं. ते कुठून निघतं, याचा विचार करायला तोफेला सवड नव्हती.

डबीतल्या गोळ्या रोज कमी होत आणि सूज रोज वाढे. लांब राहणारी ताई फोनवर म्हणे, तुझंच लक्ष नसेल. लांबून अक्कल शिकवायला कुणाच्या बापाचं काय जातं, असं पुटपुटत तो फोन ठेवी. बाप तर दोघांचा एकच होता. औषधाच्या दुकानदारालाही त्यानं झापलं, गोळ्या जुन्या देतोस म्हणून.

मग एका रविवारी त्यानं झाडायला म्हणून खाट ओढली, आणि भिंतीच्या कडेला गोळ्याच गोळ्या. तळपायाची आग मस्तकात गेली. इतके दिवस हा माणूस आपल्याला खुशाल बनवत होता! त्यानं आबांना नको नको ते सुनावलं. मरायचंय का, म्हणाला. आबा भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो गोळी घेऊन पुढ्यात उभा राहिला.

"गिळा. आणि तोंड उघडून दाखवा."

आबांनी त्याच्याकडे पाहिलं, गोळी गिळली आणि तोंड उघडलं. जीभसुद्धा वर केली. गड जिंकल्याच्या थाटात तोफ कामावर गेली.

एरवी तो दुपारशिवाय घरी फिरकत नसे. त्या दिवशी मुलांना सोडल्यावर त्याला राहवेना. ओकून टाकली नसेल ना, या संशयानं तो घरी आला. दार ढकललं तर आबा न्हाणीघराच्या अलीकडे जमिनीवर बसलेले. पायजमा ओला, फरशी ओली. दम लागलेला, पण हातात फडकं. आयुष्यभर भिंती सारख्या करणारा हात फरशी पुसत होता.

अशा वेळीही त्याच्या तोंडून राग तेवढा निघाला. "हाक मारायला काय झालं होतं?"

"कुणाला?" आबांनी विचारलं.

त्यानं त्यांच्या हातातलं फडकं घेतलं.

"ती गोळी घेतली की लघवी धरवत नाही," आबा खाली बघत म्हणाले. "आधीही झालंय. तू यायच्या आत पुसून टाकायचो."

त्यानं त्यांना उठवलं, धुतलं, कोरडे कपडे घातले. दोघंही एकमेकांकडे बघत नव्हते. मग तो तडक दवाखान्यात गेला. सकाळी घरात कुणी नसतं हे ऐकून डॉक्टर सहज म्हणाले, "मग दुपारी द्या की. चालतं. आधी विचारायचं नाही का?"

तोफ तिथंच उडाली. तुम्ही सांगायचं नाही का, म्हणून तो इतका ओरडला की बाहेरच्या बाकावरचे पेशंट उठून उभे राहिले. रस्त्यातही तो मनातल्या मनात एकेकाला झोडपत होता. डॉक्टरला, दुकानदाराला, ताईला. घेतली का, घेतली का, सगळ्यांनी विचारलं. का घेत नाही, हे एकानंही विचारलं नाही. आणि ज्यानं म्हाताऱ्या बापाला तोंड उघडायला लावलं, त्याच्यासाठी तर त्याला शिवीही पुरेना.

दुसऱ्या दिवशी दुपारची फेरी संपवून तो घरी आला आणि त्यानं गोळी आबांच्या हातावर ठेवली. आबांनी मूठ मिटली.

"आता परत कामावर जायचंय?"

"नाही."

"उद्या या वेळी?"

"घरीच असेन. रोजच."

आबांनी मूठ उघडली.

"मग आण पाणी."