चांदण्याचा निळा

आमच्या हौशी नाट्यसंस्थेचे दिवे बाबा सांभाळायचे. दिवसा सातपूरच्या कारखान्यात फिटर, संध्याकाळी पंचवटीतल्या एका शाळेच्या हॉलमध्ये तालीम. नव्वदच्या दशकात रंग म्हणजे जिलेटीनचे कागद. पत्र्याच्या चौकटीत घालून ते दिव्यापुढे अडकवायचे. कुठल्या प्रसंगाला कुठला कागद, यात बाबांच्या शब्दाबाहेर कोणी जात नसे. कॉलेजात गेल्यापासून मी त्यांच्या शेजारी बसायला लागले.

दोन हजार सालानंतर एकदा स्पर्धेसाठी मुंबईहून नवीन जोड भाड्याने आणला. दिव्याच्या तोंडावर बसवायची पेटी, तिच्यात निळसर, गुलाबी आणि पिवळी अशा तीन काचा. आमच्यासमोरच्या बोर्डावरच्या सरकत्या पट्ट्या वरखाली केल्या की काचा कमीजास्त सरकायच्या आणि हवा तो रंग मिसळून मिळायचा. बाबा लहान मुलासारखे खूश झाले होते.

प्रयोग दुपारी चारला होता. सकाळी रंग ठरवायला बसलो. शेवटच्या प्रवेशात अंगणात चांदणं हवं होतं.

"अजून निळं कर," बाबा म्हणाले.

"बाबा, खूप झालंय."

"कुठे? पिवळट दिसतंय सगळं. कर अजून."

मी पट्टी टोकाला नेली. रंगमंचावर उभ्या असलेल्या नायिकेचा चेहरा शाई सांडल्यासारखा झाला. दिग्दर्शक काकांनी वळून माझ्याकडे पाहिलं, बाबांकडे पाहिलं, आणि आत गेले. 

मला एकदम आठवलं. महिन्याभरापूर्वी बाबा आईवर चिडले होते, नवा पांढरा शर्ट पिवळा पाडलास म्हणून. शर्ट पांढराशुभ्र होता. तेव्हा आम्ही हसलो होतो.

चार वाजले, पडदा उघडला. दोन अंक मला काही दिसलंच नाही. बाबांचं ऐकावं तर वर्षभराची मेहनत वाया, न ऐकावं तर भरल्या थिएटरात त्यांना खोटं पाडल्यासारखं. शेवटचा प्रवेश आला.  मी पट्टी सकाळसारखी टोकाला नेलीच नाही, निम्म्यावर थांबले. अंगणात मऊ, फिकं चांदणं पसरलं.

"पिवळं पडलं!" बाबा कुजबुजले. "पट्टी वर घे."

"नाही बाबा."

त्यांनी हात पुढे केला. मी तो धरून ठेवला, प्रवेश संपेपर्यंत.  

डोळे दाखवू या म्हटलं, तर चार दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. पाचव्या दिवशी स्वतःच म्हणाले, "चल, कुठल्या डॉक्टरकडे न्यायचं ते ने." दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला. त्यानं नजर पिवळी होते, हळूहळू, म्हणून माणसाला कळत नाही, असं डॉक्टरांनी समजावलं.

एका डोळ्याचं ऑपरेशन झाल्यावर महिन्यानं ते तालमीला आले. मी चांदणं लावलं. बाबांनी आधी ऑपरेशन झालेला डोळा झाकला, मग दुसरा. परत पहिला. कितीतरी वेळ तेच चाललं होतं.

"लोकांना मी किती वर्षं चुकीचं दाखवलं गं?" त्यांनी विचारलं.

  मग त्यांनी खुर्ची थोडी मागे सरकवली आणि पट्ट्या माझ्याकडे ढकलल्या. "तू लाव. मी बघतो."