मिटलेले डोळे

मंडळी, पंचवीसेक वर्षांपूर्वी एका सकाळी मी काकांच्या बंदुकीने एका भेकरावर बार काढला. धक्क्याच्या भीतीने डोळे आधीच मिटले होते. भेकराचा मागचा पाय मोडला. ते ओरडत रानात शिरलं आणि मी माग न काढता घरी पळालो.

आज ते ओरडणं पुन्हा ऐकू आलं.

मी अबुधाबीत शिकारीच्या सामानाच्या दुकानात काडतुसं विकतो. धक्क्यातला फरक कळावा म्हणून गिऱ्हाइकाचा खांदा तळहाताने ढकलून दाखवतो. थ्री-झिरो-एट या छोट्या काडतुसाला बेताने, थ्री हंड्रेड मॅग्नम या मोठ्याला जोरात. मॅग्नमची गोळी लांबवर सरळ जाते, पण धक्काही जवळजवळ दीडपट.

आज एका वयस्कर अरब गृहस्थांना मॅग्नम दाखवताना माझा हात लागण्याआधीच त्यांनी डोळे मिटले.

"बाबा, छोटा लो," मी म्हणालो. "हरिण के लिए बहुत है. आँख बंद हुआ तो जानवर सिर्फ जख्मी होगा."

ते हसले. इथे आम्हा कामगारांना सगळे 'रफीक', म्हणजे मित्रा, अशीच हाक मारतात. "रफीक, मैं बच्चा है क्या? बड़ा दो, यल्ला, जल्दी!"

मी दोन खोकी काढून दिली. ते गेल्यावर हात धुतले, देवाचं नाव घेतलं, तरी मन थाऱ्यावर येईना.

विकणाऱ्याचा यात काय दोष, असं तुम्हीही म्हणाल का? मी स्वतःला इतकी वर्षं हेच सांगत आलो आणि दुकानातल्या दुसऱ्या विभागात बदली मागायचं टाळत राहिलो.

संध्याकाळी काडतुसांच्या कपाटाची किल्ली मॅनेजरच्या टेबलावर ठेवली. उद्यापासून तंबू विकेन, नाहीतर गावी जाईन, असं सांगून आलो.