बागेतल्या बाई आणि शेवटचा दट्ट्या

बागेतल्या बाईंइतकी हट्टी बाई सौंसर तालुक्यात दुसरी झाली नाही, आणि त्यांना हरवणाऱ्यांत मीही आहे.

रामाकोन्याच्या वाटेवर, स्वतःच्या संत्र्याच्या बागेत त्यांनी माँटेसरी शाळा काढली. माझी आई तिथे संत्री तोडायला जायची आणि मी तिथे शिकायची. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिली, आणि त्या पदवीची सुरुवात त्या बागेतल्या चटईवर झाली. शाळेत घंटा नव्हती, बाक नव्हते. प्रत्येकानं आपली चटई अंथरायची. दुसऱ्याची ओलांडायची नाही, वळसा घालून जायचं. एकदा तपासणीचे साहेब बुटांसकट एका चटईवरून चालत गेले. बाईंनी त्यांना फाटकापर्यंत परत धाडलं आणि वळसा घालून पुन्हा यायला लावलं. साहेब आले, पण शाळेच्या मान्यतेचा कागद त्यानंतर कितीतरी दिवस वळसे घालत राहिला.

जेवणापर्यंत मराठी, नंतर हिंदी, असा त्यांचा नेम. आम्ही सौंसरची, राज्याच्या सीमेवरची माणसं एकाच वाक्यात दोन्ही भाषा कालवतो; बाईंना ते खपत नसे. सकाळी बागेत आलेला सुतारपक्षी दुपारपर्यंत थांबला तर कठफोडवा होऊनच उडायचा.

आणि चूक दाखवणं त्यांना पाप वाटे. एक दट्ट्यांची पेटी होती. लहानमोठे लाकडी दट्टे ज्याच्या त्याच्या भोकात बसवायचे. मध्ये कुठं चुकलं की शेवटचा बसत नसे. मी तीन दिवस त्या पेटीपुढे रडले. बाई शेजारी बसून संत्रं सोलत राहिल्या.

"सांगा न बाई, कुठं चुकलं!"

"मी कायले सांगू? तो दट्ट्याच सांगून राहिला न तुले."

पालकांना हे कसं पटावं? एका बापानं तोंडावर विचारलं, "मराठी घरी आहे, हिंदी बसस्टँडवर फुकट भेटते. मग तुम्ही शिकवता काय, मॅडम? पोट्टं दिवसभर कपबशा धुऊन राहिलं!" मग पांढुर्ण्याकडून इंग्रजी शाळेची पिवळी बस येऊ लागली आणि बागेतल्या चटया गुंडाळलेल्याच राहू लागल्या.

गेल्या उन्हाळ्यात बाई माझ्या घरी आल्या.

"चारच पोरं राहिली वं. तुझं पोरगं आलं तर त्याले पाहून अजून येतील. म्हणतील, इथं शिकलेलीनंच पोरगं धाडलं. पाठवशील?"

"यांना विचारून सांगते," मी म्हटलं.

तेव्हा अंगणात दोरीवर मुलाचा नवा गणवेश वाळत होता, टायसकट. बाईंनी तो पाहिला. चहा शेवटच्या घोटापर्यंत प्यायल्या, कपबशी स्वतः धुऊन पालथी ठेवली आणि गेल्या.

जूनमध्ये शाळा उघडली नाही. कुणाच्या तरी हाती ती दट्ट्यांची पेटी मात्र माझ्याकडे आली. सोबत चिठ्ठी नव्हती. लागतही नव्हती.

परवा मुलगा चटईवर पेटी घेऊन बसला होता. शेवटी एक दट्ट्या त्याच्या हातात उरला.

"मम्मी, राँग झालं का? सांग न!"

सांगणं माझ्या अगदी ओठावर आलं होतं. मग चटईला वळसा घालून मी त्याच्या शेजारी बसले आणि एक संत्रं सोलायला घेतलं.