भुऱ्याचा तात्पुरता दात

बाबांचा फोन आला तेव्हा मी जबलपूरच्या होस्टेलमध्ये गावी यायची बॅग भरत होते. "मोठे बाबा गेले वं," एवढंच ते बोलले. मी विचारलं, "कुठं?"... असं कुणी विचारतं का? पण आदल्याच संध्याकाळी मोठे बाबा, म्हणजे बाबांचे थोरले भाऊ, फोनवर म्हणाले होते, "माय, रविवारी येशीन ना? भुऱ्याले पक्का दात बसवाचा हाय."

भुऱ्या म्हणजे बोरगावजवळच्या आमच्या संत्र्याच्या बगिच्यातला कुत्रा. रानडुकराला पाहून चवताळला आणि फाटकाचा गज चावताना त्याचा सुळा तुटला, आतली नस उघडी पडली. काढून टाका, असं सगळे म्हणाले. घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच, पशुवैद्यक शिकते. मी चाचरत म्हटलं, दात वाचवता येतो. मोठ्या बाबांनी मग दुसऱ्या कुणाला विचारलंच नाही. नागपूरच्या डॉक्टरांनी नस काढून दात भरला, घासून लहान केला, माप घेतलं आणि धातूचा क्राउन, म्हणजे दातावरची पक्की टोपी, तयार होईपर्यंत त्यावर एक तात्पुरती टोपी बसवली. ती नाजूक असते. निघाली तर घासलेला दात उघडा पडतो, मग पक्की टोपी बसेलच असं नाही. म्हणून हाड नाही, काठी नाही, कडक भाकर नाही.

शेजारचे काका कुंपणापलीकडून ओरडायचे, "भाऊ, आता कुत्र्याले चष्मा कवा आणता?"

"पहिले तुले आणतो. माये संत्रे तुले तुये दिसून राहिले ना!"

मोठ्या बाबांच्या स्वतःच्या तोंडात एकही दात नव्हता. दुधात भिजवलेली भाकर भुऱ्यापुढे ठेवण्याआधी ते आपली कवळी काढून स्टीलच्या ग्लासात टाकायचे आणि एक घास नुसत्या हिरड्यांनी चावून बघायचे. "मले जमलं का त्याले जमते." ग्लासाचा तो टण आवाज ऐकला की भुऱ्या बगिच्यात कुठंही असो, धावत यायचा.

आता पक्का दात येऊन पडला आहे. पण मोठे बाबा गेले तेव्हापासून भुऱ्या जेवत नाही, जेमतेम दूध चाटतो. बरगड्या दिसतात. असा असताना दात बसवायला भूल देता येणार नाही, डॉक्टर म्हणाले. ते मलाही कळतं. तात्पुरती टोपी हलायला लागली आहे. मी हाताने भरवून पाहिलं, आईने पाहिलं, बाबा तर त्याच्यापुढे बसून रडले... एवढं शिकून मी काय करू, मला खरंच कळत नाही.

तो ग्लास अजून मोठ्या बाबांच्या खाटेजवळच आहे, शेजारी त्यांची कवळी, कुणी हलवलं नाही. काल दुपारी मी भाकर भिजवली, कवळी उचलली आणि ग्लासात टाकली. टण.

भुऱ्या धावत आला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्याची शेपटी हलत होती. भाकरीकडे त्याने पाहिलंही नाही. दाराकडे तोंड करून बसला... ऊन उतरेपर्यंत बसला.

"अजून एकदा वाजव ना," आई म्हणाली.

माझ्याने ती कवळी पुन्हा उचलवली नाही.