भिंतीअलीकडच्या वहिनी

हळद पिकवणाऱ्या घरात मी पांढराशुभ्र ओटा बसवला. हिंगोलीचा फरशीवाला म्हणाला, “सर, एकदम हॉटेल लगेगा,” आणि जन्मभर पोरांना रंगसंगती शिकवलेला मी, चित्रकलेचा मास्तर, “हां, यही दो” म्हणून मोकळा झालो. आठवडा उलटला नाही तोच त्या ओट्यावर वहिनींच्या बोटांचे पिवळे ठसे उमटले. लिंबू घासलं, सोडा घासला, दात घासायची पावडरसुद्धा घासली. मी कुरकुरतोय हे पाहून वहिनी म्हणाल्या, “भाऊजी, आपलं रान हळदीचं हाय. कापसाचं असतं तं शोभला असता तुमचा ओटा.”

त्या वहिनी गेल्या, त्याला आता दीडेक महिना होईल. मी औंढ्याला एका जुन्या विद्यार्थ्याच्या लग्नात पानावर बसलो होतो. वरण वाढून झालं होतं आणि दादाचा फोन आला. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, वहिनींचा नवरा. फोनवर आधी पाऊसपाणी, मग गुरंढोरं, मग गावातली भांडणं आणि सगळ्यात शेवटी कामाचं बोलणारा माणूस. त्या दिवशी नुसतं “घरी ये” म्हणाला आणि फोन ठेवला... पान तसंच सोडून मी उठलो. दुपारी जेवणं आटोपल्यावर ‘जरा पडते’ म्हणून वहिनी आडव्या झाल्या होत्या, त्या उठल्याच नाहीत.

नरसीजवळच्या आमच्या गावात आम्ही दोघे भाऊ एकाच घरात राहतो. दादा शेती बघतो. मी नोकरीतून निवृत्त झाल्यावर दुसऱ्यांच्या कामांत नाक खुपसतो. माझी बायको सुमन आणि वहिनी, म्हणजे सुमनच्या अक्का, या दोघींनी घर चालवलं. निवृत्तीनंतर मोबाइलवर घरसजावटीचे व्हिडिओ बघण्याचं व्यसन मला लागलं. एक गोरीगोमटी बाई मोकळ्याढाकळ्या स्वयंपाकघरात काकडी चिरते, समोर उंच स्टुलावर नवरा कॉफी पितो, वरून दिवे लोंबतात आणि धूर कुठेच नाही. मला वाटलं, आपल्या घरात फक्त एक भिंत आडवी येते आहे. स्वयंपाकघर आणि जेवायची खोली यांच्यामधली. वहिनी भाच्याच्या बारशाला साखऱ्याला, माहेरी गेल्या, तेवढ्यात मी मिस्त्री बोलावला, ती भिंत पाडली आणि तिच्या जागी मधोमध तो पांढरा ओटा घातला. दादा तेव्हा हळद शिजवण्याच्या गडबडीत होता. त्याला वाटलं, मास्तर रंग देऊन राहिला.

वहिनी परत आल्या. हातात पिशवी तशीच, उंबऱ्यात उभ्या राहिल्या. ज्या चुलीपाशी इतकी वर्षं त्यांना कुणी बघितलं नव्हतं, ती जागा आता थेट दारातून दिसत होती.

“भाऊजी, काहून पाडली?”

“हवा खेळती राहील वहिनी. मोकळं वाटंल.”

“कुणाला?”

मी त्यांना वरचा लोंबता दिवा लावून दाखवला. पुढे त्याच दिव्यावर दादाचं डोकं रोज आपटायचं आणि रोज तो माझा उद्धार करायचा, ते वेगळं.

वहिनींनी मधे जुनं लुगडं बांधून पडदा केला. मी तो काढला. त्यांनी पुन्हा बांधला. तेव्हा मला फार राग यायचा त्यांचा. शिकलेल्या माणसाला अडाण्याचा येतो तसला, तुच्छतेचा. त्या भिंतीआड त्यांचं काय काय होतं, हे मला उशिरा समजलं. सासरे-दीर समोर नसताना डोक्यावरचा पदर तिथेच खाली यायचा, गाणं तिथेच म्हटलं जायचं, आणि सुमन सांगते, माझ्या चालण्याची नक्कलही तिथेच व्हायची. मी उजेडासाठी भिंत पाडली आणि त्यांची एकमेव आडोशाची जागा उघड्यावर आणली. त्याचा सूडही त्यांनी नामी उगवला. आमचे चुलतमामा, बापूमामा, नवं स्वयंपाकघर बघायला आले. मी त्यांना मधल्या ओट्याशी उंच स्टुलावर बसवलं, त्यांचं धोतर सावरून दिलं, आणि व्हिडिओतल्यासारखा बोलू लागलो. तेवढ्यात वहिनींनी लवंगी मिरचीची फोडणी दिली. मामा खोकत खोकत स्टुलावरून उतरले की पडले, सांगता येणार नाही. वहिनी शांतपणे म्हणाल्या, “भिंत कशाला असती, कळलं का मास्तर?”

पण त्या भिंतीनं आणखी एक गोष्ट झाकली होती. ती दिसली तेव्हापासून जो संताप माझ्या डोक्यात शिरलाय, तो आजही उतरलेला नाही. एके दुपारी, पडदा मी काढून टाकलेला असताना, आमची जेवणं झाल्यावर मी पाण्याला म्हणून परत आलो. मधल्या ओट्याच्या पलीकडे, ओट्याला पाठ लावून, वहिनी फरशीवर बसल्या होत्या. समोर सहा खुर्च्यांचं टेबल रिकामं, आणि या खाली, टेबलावरून कुणाला दिसू नये अशा बेतानं. ताटात सकाळची गार भाकरी, कढईला लागलेली भाजी खरवडून घेतलेली, आणि मीठ. वाटीत वरण नव्हतं. वरण मीच दोनदा मागून घेतलं होतं. मला बघून त्यांनी ताटावर पदर ओढला, चोरी पकडल्यासारखा. “बघू नका भाऊजी. जा तिकडं.”

म्हणजे भिंत गेल्यावर त्यांनी माझ्या त्या फॅशनेबल ओट्याची भिंत करून घेतली होती!

त्याच सुमारास त्यांना चक्कर यायला लागली म्हणून हिंगोलीला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर तरुण होता. रिपोर्ट बघून म्हणाला, अंगात रक्त फार कमी आहे, घरी खाण्यापिण्याची काही अडचण आहे का? दादा भडकला. “साहेब, आमच्या घरी येणारा-जाणारा जेवल्याबिगर जात न्हाई. कोठी भरलेली हाय आमची!” डॉक्टरनं दादाकडे पाहिलंच नाही. वहिनींना विचारलं, “तुम्ही काय जेवता?” वहिनी खाली बघत म्हणाल्या, “जेवते की. समद्यायचं झाल्यावर.” भरल्या कोठीच्या घरातली बाई उपासमारीचं दुखणं घेऊन बसली होती आणि आम्ही दोघे भाऊ तिच्या अंगावर ढेकर देत होतो. हे मी लाजून लिहीत नाही, चिडून लिहितोय. लाजण्यानं कुणाच्या अंगात रक्त वाढत नाही.

घरी आल्यावर मी ठरवलं, आज भाकरी मी करणार. ज्वारीचं पीठ मळलं, थापायला बसलो. आयुष्यभर फळ्यावर कंपासशिवाय गोल काढला, पण परातीत पीठ हाताला चिकटतं, हे चित्रकलेच्या पुस्तकात नव्हतं. पहिली तुटली. दुसरीला तव्यावर टाकताना शेपूट फुटलं. सुमन आणि वहिनी तोंडाला पदर लावून हसत होत्या. शेवटी एक भाकरी, वाकडी का होईना, फुगली. मी ती तशीच वाफेसकट वहिनींच्या ताटात टाकली आणि त्यांना खुर्चीवर बसवलं. त्या अर्ध्याच टेकल्या, केव्हाही उठता यावं अशा. पापुद्रा उचलला, फुंकर घातली, तूप सोडलं, घास घेतला आणि थांबल्या.

“काय झालं? कच्ची हाय का?”

“न्हाई... गरम गरम अशी लागती व्हय?”

बारा महिने तेरा काळ आम्हाला तव्यावरची भाकरी वाढणाऱ्या बाईनं हे विचारलं. मी पाणी आणायच्या निमित्तानं मागच्या दारी गेलो.

त्यानंतर वहिनींनी जे केलं, ते माझ्या कुठल्या व्हिडिओत नव्हतं. दुसऱ्याच दिवशी त्यांनी लुगड्याचा पडदा सोडून घडी घालून ठेवला. आणि नियम केला, आधी बायका जेवणार. एकीनं भाकरी थापायची, दुसरीनं टेबलाशी बसून गरम खायची, मग अदलाबदल. पुरुषांनी त्यानंतर बसायचं. आम्ही बाहेर ओसरीवर ताटकळत बसायचो. “भूक लागली,” असं दादा ओरडला की आतून वहिनींचा आवाज यायचा, “लागू द्या. भूक लागल्यानं माणूस मरत न्हाई, मी बघितलंय करून.” भिंत होती तेव्हा भिंतीआडून आमच्या नावानं बोटं मोडायच्या, आता समोरासमोर मोडू लागल्या. त्यांच्या चेहऱ्यावर तजेला आला. चक्कर थांबली. सुमनच्या आणि त्यांच्या गप्पा त्या टेबलावर इतक्या रंगायच्या, की आमची पाळी यायला दुपार कलायची.

आता बघा, अशी बाई वारली तर लोकांनी काय करावं? गावच्या फाट्यावर फ्लेक्स लागला. मोठ्या अक्षरांत, ‘अन्नपूर्णा हरपली’. फोटो एका लग्नातल्या पंगतीतला. त्यात वहिनी वाढत होत्या. फ्लेक्सवाल्यानं पातेलं कापून टाकलं, पुढे केलेला हात तेवढा राहिला. दादाच्या फोनमध्ये दुसरा फोटोच सापडला नाही. ज्याच्यात त्या कुणाला काही वाढत नाहीत असा फोटो, एवढ्या आयुष्यात, आम्ही काढला नव्हता.

आणि तेराव्याला बापूमामा बोलायला उभे राहिले. “पोरीहो, शिका तिच्याकडून. जन्मात कधी कुणाच्या आधी घास तोंडात घातला न्हाई तिनं. समद्यायला जेवू घालून मंग उरलंसुरलं गोड मानलं. अशी बाई आता होणं न्हाई.” लोकांनी माना डोलावल्या. काही बाया डोळे पुसत होत्या, त्या मांडवाच्या टोकाला उभ्या होत्या, पुरुषांची पंगत उठायची वाट बघत. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या बाईनं शेवटच्या वर्षांत झगडून एक गोष्ट कमावली होती, आधी जेवण्याची. आणि हा माणूस तिच्या तेराव्याला तीच पुसून टाकत होता, वर हार घालून!

मी ओरडलो, “मामा, तिला भूक लागायची! तुमाला लागती तशीच!”

मामा म्हणाले, “दुःखानं डोकं फिरलं याचं. बसवा त्याला.” कुणीतरी मला पाणी दिलं. पंगत पुढे सुरू झाली. पुरुषांची.

परवा दादानं अंगणात विटा उतरवून घेतल्या. मी विचारलं, कशाला? म्हणाला, भिंत घालून घेऊ परत. “ते टेबल बघवत न्हाई मला. जेवाया बसलं की चुलीपाशी तीच दिसती.” माझा दादा असं बोलणारा माणूस नाही. दुसरं काही असतं तर मी त्याचं ऐकलं असतं. पण भिंत म्हटल्यावर मी पेटलो. त्या रात्री जेवता जेवता टेबलावर मूठ आपटून बोललो. म्हणालो, दिसती तर दिसू दे! न दिसण्यातच तिचा जन्म गेला. या भिंतीआड आपण एका बाईला उपाशी ठेवलं आणि वर तिला अन्नपूर्णा म्हणालो. या घरातली कुठलीही बाई आता पुन्हा भिंतीआड जाणार नाही, मी जिवंत आहे तोवर नाही! वीट लावायची तर आधी माझ्या अंगावर लाव... असं बरंच. चांगलं बोललो मी. शाळेत पंधरा ऑगस्टलासुद्धा इतकं चांगलं बोललो नव्हतो.

दादा बराच वेळ भाकरीचा तुकडा नुसता चुरत राहिला. मग डोळे पुसून म्हणाला, “बरं. न्हाई घालत. विटा गोठ्याला लावू.”

मी जिंकलो होतो. त्याच भरात ताट पुढे सरकवलं आणि म्हणालो, “सुमन, आण एक गरम.”

भाकरी आली नाही. सुमन तव्यापाशी उलथनं घेऊन उभी होती.

“अदलाबदल कराया आता कोण हाय मला?” ती म्हणाली. “अक्का गेल्यापसून ओट्याशी उभ्या उभ्याच चार घास खाऊन राहिले मी, रोज, तुमच्या डोळ्यासमोर. भिंत न्हाई तरी तुमाला दिसंना, मास्तर. उठा तिथून. मला भूक लागलीय.”