निपाणीच्या वाटेवर मीच मुराळी

बेळगावहून सर्व्हिस मोटार सुटली तेव्हा माझ्या मांडीवर कुंद्याचा डबा होता. निपाणीजवळच्या एका खेड्यात माझी पत्नी सगुणा दोन वर्षे माहेरी राहत होती. तिला आणायला मी निघालो होतो.

संकेश्वरला एक जैन व्यापारी शेजारी येऊन बसले.

“कुठं निघालासा, पावणं?”

“बायकोला आणायला.”

“मग मुराळी कुठाय? माहेरवाशिणीला आणाय घरचं माणूस धाडत्यात की.”

“मीच.”

“ह्या वयात एवढी घाई!”

सारी मोटार हसली. मीही हसलो. पाठवण्यासारखे माझे कोणी उरले नव्हते, हे मी सांगितले नाही.

बसऱ्याच्या लढाईहून मी धडधाकट परतलो, असे सर्वांना वाटले होते. झोपेत मात्र मी खंदकातच असे. डॉक्टरांनी एक खारट औषध दिले आणि सगुणेला बजावले, “यांना झोपेत हात लावू नका. लांबून नावाने हाक मारा.” औषध ती नेमाने देई, पण नवऱ्याचे नाव तिच्या तोंडून कसे निघावे? एका पहाटे मी ओरडू लागलो, तेव्हा तिने माझा खांदा हलवला. मी भानावर आलो तोवर तिचे मनगट मोडले होते. तिचा भाऊ तिला घेऊन गेला. त्यात त्याचे काही चुकले नाही.

निपाणीपुढे बैलगाडी मिळाली. दोन्ही अंगांना कापलेला तंबाखू उन्हात पसरला होता. त्याच्या उग्र खाटाने डोळे चुरचुरत होते. गाडीवान बैलांशी कानडीत बोलत होता, माझ्याशी नाही. ते मला बरे वाटले.

मेव्हण्याने पाय धुवायला पाणी दिले, पानावर बसवले.

“जेवा, दाजी. पण आक्काला मी जा म्हणणार न्हाय.”

“म्हणू नका,” मी म्हणालो.

सगुणा भाकरी वाढून आत गेली. मनगट थोडे वाकडेच जुळले होते.

जेवणानंतर सोप्यात भिंतीला टेकलो आणि नकळत डोळा लागला. पुन्हा तीच वाळू, तोच भडिमार. मग कुठून तरी लांबून आवाज आला, “शिवराम! अवो, शिवराम!”

आई गेल्यापासून मला असे कोणी हाकारले नव्हते. डोळे उघडले. सगुणा अंगणापलीकडे तुळशीजवळ उभी होती.

“अगं बया, नवऱ्याचं नाव घेतलंस?” सासूबाईंनी तोंडाला पदर लावला.

“डागदरनं सांगितलंय.” मग माझ्याकडे न बघता ती म्हणाली, “दोन वर्सं शेतात एकटीच नाव घिऊन बघत हुते. जीभच उचलत नव्हती.”

“मग चलतेस?”

“आज न्हाय. हात अजून भितोय. पाडव्याला या.”

“मुराळी कुणाला पाठवू?”

“तुमीच या की.”

परतीच्या मोटारीत शेजारची जागा रिकामी राहिली. दोन वर्षे मी माझेच दुखणे कुरवाळत बसलो होतो. डॉक्टरांनी सांगितलेले अवघड काम तिने अंगावर घेतले होते.

घरी कुलूप काढले, दिवा लावला आणि रिकाम्या माजघरात स्वतःचे नाव मोठ्याने उच्चारून पाहिले. ते तिच्या हाकेसारखे वाजले नाही.