संध्याकाळची अभ्यासिका

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मुलुंडच्या आमच्या कॉलेजातली संध्याकाळची अभ्यासिका पैशाअभावी बंद होणार आणि तिथल्या शिपाईकाकांची हंगामी नोकरीही जाणार, असं कानावर आलं. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. चाळीतल्या एका खोलीत अभ्यास होत नसे. धीर करून प्राचार्यांकडे गेलो आणि दाराशी चपला काढल्या.

"अरे, हे काय देऊळ आहे?" ते हसले. "चपला घालून ये. अभ्यासिकेसाठीच आलास ना? काकांचा पगार राखीव निधीतून द्यायचं आजच ठरलंय. अभ्यासिका चालू राहील. जा, सांग त्यांना."

मी धावत जाऊन सांगितलं. काकांनी क्षणभर टेबल धरलं, मग मालवणीत दटावलं, "मगे बस आणि वाच! नापास झालंस तर माझी नोकरी फुकट जातली!"